नवमीचा अंगठा

१

बुधवारी सकाळी पुरवठा निरीक्षक बाई आमच्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. हातात फाईल होती. मागे रेशन दुकानवाला अल्पेश उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"विनिता गुणाजी थळे तुमच्या कोण?"

"बायको."

"त्यांना बोलवा."

मी वळून स्वयंपाकघराकडे बघितलं. हाक तोंडात आली होती. मग म्हणालो, "ती माघात गेली. सात महिने झाले."

बाईंनी फाईल उघडली, पुन्हा मिटली. "मग गेल्या शनिवारी दुपारी एक वाजून चार मिनिटांनी दुकानात येऊन अंगठा कोणी दिला? पाच किलो तांदूळ उचललाय त्यांनी."

मी ओट्यावर बसलो.

शनिवारी अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. मी स्वतःच्या हाताने भात केला होता, अळूवड्या सुचिताने दिल्या होत्या. पान कौलावर ठेवून मी खाली उभा होतो. कावळा येईना. दुपारी एकला आला. मी घड्याळात बघितलं होतं, म्हणून वेळ पक्की लक्षात आहे.

"मशीन चुकलं असेल," मी म्हणालो.

"एकदा चुकलं असतं. सात महिन्यांत सात वेळा अंगठा लागलाय." बाईंनी एक छापील कागद माझ्या हातात दिला. "आणि दुसरी गोष्ट. मृत्यूची नोंद झाली की कार्डावरचं नाव आपोआप गळतं. या गावात वर्षभरात अकरा माणसं गेली. दहांची नावं गळली. यांचं नाही गळलं. सोमवारी मी परत येते. तोपर्यंत उलगडा झाला नाही तर दुकान बंद करून गुन्हा नोंदवावा लागेल."

अल्पेश पहिल्यांदा बोलला. "मॅडम, दुकान बंद केलंत तर ही माणसं तांदळाला जातील कुठं? पुढचं दुकान तीन गावं सोडून हाय."

"ते मला कळतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर सोमवारपर्यंत थांबते."

त्या गेल्यावर मी कागद वाचला. सात ओळी. प्रत्येक ओळीत तिचं नाव.

२

आमची खडपवाडी किहीमच्या उत्तरेला आहे. समोर वाळू कमी, काळा खडक जास्त. मी पस्तीस वर्षं खाडीतल्या तरीवर, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीवर, खलाशी होतो. आता नुसता बसून असतो.

माझा एक स्वभाव इथे सांगायला हवा. मी कुठल्या कागदावर सही करत नाही. माझ्या बापाने एका कागदावर अंगठा दिला आणि आमची नारळाची वाडी बंगलेवाल्याकडे गेली. तेव्हापासून मी सहीला भितो. विनिता हसायची. म्हणायची, "तुमच्या लग्नाच्या पत्रिकेवर तुमचं नाव होतं ते नशीब. सही मागितली असती तर मी अजून कुमारी असते."

तिचं नाव रेशन कार्डावरून कमी करायचा अर्ज सुचिताने फाल्गुनातच आणून दिला होता. तो तिच्या फोटोच्या मागे होता. त्यावरही मी सही केलेली नव्हती. पण तिथे बापाच्या जमिनीचं कारण नव्हतं.

सुचिता म्हणजे आमच्या शेजारची, अंगणवाडी सेविका. विनिताची मैत्रीण. मी कागद घेऊन तिच्याकडे गेलो. ती खिचडीचं भांडं घासत होती.

"भावोजी, शोधू नका तुम्ही," ती कागदाकडे न बघता म्हणाली. "गावात सगळ्यांना ठावं हाय. ती येते."

"कोण येते?"

"वैनी. नवमीला येते. सवाष्ण गेली, नवमी तिची तिथी. जीव अडकलाय तिचा घरात. तिच्या वाट्याचं ती नेते, तुम्हाला काय त्रास देते का?"

मी घरी येऊन पंचांग काढलं आणि एकेक तारीख ताडून बघितली. फाल्गुनात नवमी. चैत्रात दशमी. वैशाखात नवमी. ज्येष्ठात नवमी.

पंचांग मिटताना माझी नजर ओट्यावरच्या वाटीकडे गेली.

त्या वाटीचं कोणाला सांगितलं नव्हतं. विनिता गेल्यापासून, अमावास्या झाली की आणि पौर्णिमा झाली की, सकाळी ओट्यावर एक स्टीलची वाटी झाकून ठेवलेली असते. आत सोललेली कालवं. ताजी, खाऱ्या पाण्यातली. विनिताला कालवांचं सुकं फार आवडायचं. मी आधी सुचिताला विचारलं, तिने नाही म्हटलं. मी वाटी धुवून रिकामी ओट्यावर ठेवतो, ती कधीतरी नाहीशी होते आणि पुढच्या उधाणाला परत येते.

वाटीच्या कडेवर नाव कोरलेलं आहे. सौ. विनिता गुणाजी थळे.

३

गुरुवारी मी दुकानात गेलो. ती गेल्यापासून मी तिथे पाय ठेवला नव्हता. रेशन आणायचं काम तिचं. घरातला तांदूळ संपला की मी किराणा दुकानातून दोन किलो आणायचो.

"काय रे अल्पेश, माझ्या बायकोचा अंगठा कोण लावतं?"

"काका, मी वजन बघतो. तोंड बघत न्हाय."

"पस्तीस वर्षं मी तरीवर तिकीट न काढलेला माणूस पाठीवरून ओळखला. तू समोर उभी राहिलेली बाई बघत नाहीस?"

"रांग असते." त्याने मान खाली घातली. "तुमचा वाटा तसाच हाय, काका. दर महिन्याला पडून राहतो. वैनीच्या नावाचं पाचच किलो जातं. तुमच्या पाचाला कुणी हात लावला न्हाय."

हे मला नवीन होतं. कार्डावर दोघांचं मिळून दहा किलो. ज्याचा अंगठा लागतो तो दहाच्या दहा उचलू शकतो. कुठला चोर अर्ध्यावर थांबतो?

मी विचार करत बाजूला उभा राहिलो. तेवढ्यात दोन बायका आल्या. पहिलीचा अंगठा मशीनने घेतला नाही. तिने पदराला पुसून परत ठेवला. मशीन तीनदा नाही म्हणालं. दुसरी हसली. "तुझा अंगठा झिजला गो. नवऱ्याला दाबून दाबून."

"गप ग. तुझा बघ जरा, तुझा तर कालवात राहिला सगळा."

अल्पेश म्हणाला, "मावशी, आज न्हाय व्हायचं. उद्या अमावास्या, आता तर अजूनच फाटतील बोटं. पाण्याला भांग लागला की या."

मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि एकदम गप्प झाला. पटकन आत जाऊन पोतं उचलायला लागला, जे उचलायची काही गरज नव्हती.

दुकानाच्या शेजारी निकेतचं ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र आहे. पोरगा हुशार. गावातली सगळी आधार कार्डं त्याच्या हाताखालून गेली.

"निकेत, मेलेल्या माणसाचा अंगठा मशीनवर चालतो का?"

"न्हाय चालत, काका. रबराचा, कापून आणलेला, काय पण आणा. अंगठा लागला म्हणजे माणूस जिवंत."

"पण नाव तर विनिताचं आलं."

"मशीनला नाव कळत न्हाय. नंबर कळतो. ज्या नंबरचा अंगठा..." तो थांबला. "काका, चहा घेणार?"

"बोल पुढे."

"पुढं काय न्हाय." त्याने खुर्ची फिरवली आणि बंद पडद्याकडे बघून टाईप करायला लागला.

गावात तीन माणसांना मी विचारलं; एकीने भूत सांगितलं, दोघांनी सांगता सांगता तोंड मिटलं. भूत असतं तर त्यांनी भुताला घाबरायला हवं होतं. ते मला घाबरत होते.

४

घरी येऊन मी कागद परत समोर घेतला. यादीतल्या पुढच्या दोन ओळी मी आदल्या दिवशी नीट बघितल्याच नव्हत्या. नवमी, दशमी, नवमी, नवमी एवढं जुळल्यावर मन पुढे बघेना.

आषाढातली तारीख अमावास्येच्या आदल्या दिवसाची होती. श्रावणातली पौर्णिमेच्या दोन दिवस आधीची. मग भाद्रपदात पुन्हा नवमी.

मला भुताखेतातलं कळत नाही. पण तिथीला येणारी बाई पावसाळ्यात तिथी विसरेल, हे पटेना.

मग मी पंचांग बाजूला ठेवलं आणि तरीवर जसा विचार करायचो तसा केला. पाण्याचा. नवमी-दशमीला भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. लांबचे खडक उघडे पडत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. तेव्हा सकाळच्या ओहोटीला पार टोकाचा खडक मोकळा होतो, आणि बायका टोची घेऊन कालवं फोडायला जातात. कालवाच्या शिंपेची धार पात्यासारखी असते. उधाणाचे चार-पाच दिवस फोडलं की अंगठ्याला कातडं राहत नाही. मग भांगात हात घरी राहतो आणि अंगठा भरून येतो. तो भरतो तो नवमीपर्यंत. नेमका तेव्हाच मशीन त्याला ओळखतं.

आषाढ-श्रावणात समुद्र खवळलेला. खडकावर कोणी जात नाही. अंगठा रोजच भरलेला. मग तिथी कसली बघायची?

आणि ती वाटी. मी आठवून बघितलं. आषाढात वाटी आली नव्हती. श्रावणातही नाही. ती दर उधाणाला येत होती आणि त्या दोन महिन्यांत थांबली होती.

अंगठा आणि वाटी एकाच हाताची होती.

वाडीत कालवं काढणाऱ्या चौदा बायका. तेरा बायकांची स्वतःची कार्डं आहेत. चौदावीचं नाव मनात आलं आणि मला ओट्यावर बसवेना. मी आत गेलो. फोटोसमोर उभा राहिलो. पण तिच्याकडे बघता आलं नाही.

५

शुक्रवारी अमावास्या. उजाडताच मी खडकावर गेलो. कडेची बाई सगळ्यांपासून लांब, पाण्याला लागून बसली होती. साठीच्या पुढची, वाळकी. बोटांना चिंध्या बांधलेल्या. शेजारी खडकाच्या खळग्यात स्टीलची वाटी ठेवलेली.

"सोनूबाई."

तिने मान वर केली. टोची हातातून पडली.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"वादळाच्या सालापासून." ती उठायला लागली, मी बस म्हणालो. "घर उडालं, कागद गेले. कार्डावर लेकाचं नाव होतं, तो पनवेलला गेला, कार्ड घेऊन गेला. माझं नाव खोडलं. नवीन कार्डाला इथं राहते म्हणून कोणाची तरी सही पायजे होती."

पुढचं मला माहीत होतं. त्या भाद्रपदात ती माझ्या ओट्यावर आली होती. हातात कागद होता. म्हणाली होती, गुणाजी दादा, तुम्ही जुनी माणसं, मला चाळीस वर्षं बघताय, एवढी सही द्या. मी म्हटलं होतं, मी सही करत नाही, उद्या कोर्टात कोण जाईल? ती गेली. विनिता दारात उभी होती. त्या रात्री ती जेवली नाही एवढं मला आठवतं.

"वैनी दुसऱ्या दिवशी आली," सोनूबाई म्हणाली. "म्हणाली, कार्डाला आधार जोडायचं चाललंय. माझ्या नावापुढं तुझा नंबर टाकते. तुझ्या अंगठ्यावर माझ्या वाट्याचं तू खा, ह्यांचं मी नेते. मी व्हय म्हटलं, दादा. भूक लागली की माणूस व्हय म्हणतो."

"आणि तिने काय खाल्लं?"

"ते मी इचारलं न्हाय." तिने पदर तोंडाला लावला. "ती गेली तेव्हा मी अल्पेशला म्हटलं, आता नको. तो म्हणाला, काकांनी नाव कमी केलं न्हाय तवर चालतंय. मग मी म्हटलं, तिचं खाते तर तिच्या दारात काय तरी ठेवावं. ही वाटी तिचीच. पहिल्या दिवशी ह्यात भात घेऊन आलती. म्हणाली, रिकामी आणू नको, आवडत न्हाय मला."

मी रिकामी वाटी ओट्यावर ठेवत होतो. सात महिने.

"आता पोलीस येतील का?" तिने विचारलं.

"सोमवारी निरीक्षक बाई येणार आहेत. तू दुकानात ये."

"मी न्हाय येणार."

"ये," मी म्हणालो. "मी आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या असण्याचा तिला एकदा अनुभव आला होता.

६

सोमवारी दुकानात निरीक्षक बाई आल्या. अल्पेश, निकेत आणि सुचिता आधीच होते. सोनूबाई शेवटी आली आणि दाराजवळ उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. पाणी, अंगठा, वाटी. बाईंनी मध्ये एकच विचारलं. "म्हणजे मृत्यूची नोंद झाली ती विनिताबाईंच्या खऱ्या नंबरवर. आणि कार्डावर नंबर दुसऱ्याच बाईचा. म्हणून नाव गळलं नाही."

"होय."

"हे जोडून कोणी दिलं?"

निकेत पुढे झाला. "मी, मॅडम. तेव्हा नाव जुळतं का हे मशीन बघत नव्हतं. वैनीने सांगितलं, मी केलं. काकांना कळू द्यायचं न्हाय अशी शपथ घातली होती."

"भुताची गोष्ट कोणाची?"

सुचिता म्हणाली, "माझी. भावोजी पंचांग बघणारे. म्हटलं, भूत म्हटलं की शोधायचे न्हाईत."

"पंचांगामुळेच सापडलं," मी म्हणालो.

बाई सोनूबाईकडे वळल्या. "मेलेल्या माणसाच्या नावाने धान्य उचलणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

सोनूबाईने हात पदराआड घेतला. चिंधी सुटून लोंबत होती.

"मॅडम," मी म्हणालो, "विनिता जिवंत होती तोपर्यंत तिने स्वतःच्या ताटातलं दिलं. ती गेल्यावर नाव कमी करायचं काम माझं होतं. अर्ज फाल्गुनापासून माझ्या घरात आहे. मी सही केली असती तर ही बाई फाल्गुनातच उघडी पडली असती आणि कोणीतरी तिची सोय बघितली असती. त्याआधीही ती एका सहीसाठी माझ्याकडे आली होती. चोर शोधायचा असेल तर माझं नाव लिहा."

"तुम्ही सही का केली नाही?"

मी खिशातून अर्ज काढून काउंटरवर ठेवला. त्याची घडी फोटोच्या मागे राहून पिवळी पडली होती.

"एवढी एकच जागा राहिली होती, जिथे ती आणि मी दोघं मिळून होतो," मी म्हणालो.

वजनकाट्यावर कोणीतरी पोतं अर्धवट ठेवलं होतं. काटा हलत होता. बाईंनी अर्ज उलगडून वाचला.

"मी खोटं लिहिणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "नंबर चुकीचा जोडला गेला, हे लिहीन. केंद्राला ताकीद जाईल, दुकानालाही जाईल. कार्डधारकाने नाव उशिरा कमी केलं, हे लिहीन. सात महिन्यांच्या धान्याची वसुली कार्डप्रमुखाकडून होईल."

"करा."

"दुकान चालू राहील. पण आजपासून हिला या कार्डावर एक दाणा मिळणार नाही." त्यांनी फाईलमधून दुसरा कोरा अर्ज काढला. "एकट्या, निराधार बाईला स्वतःचं कार्ड मागता येतं. अंगठा उठत नसेल तर डोळ्याने ओळख घेतात, कोणी हिला सांगितलं नाही? रहिवासाला मात्र साक्षीदार लागेल. ही बाई इथे राहते, हे मला माहीत आहे, असं लिहून देणारा. उद्या चौकशी आली तर त्याला यावं लागेल."

सुचिताने पेन काढलं. अल्पेशनेही हात पुढे केला.

"थांबा," मी म्हणालो.

मी पेन घेतलं. माझी सही मलाच नीट आठवत नव्हती. मी हळूहळू पूर्ण नाव लिहिलं. गुणाजी अंबाजी थळे. बापाच्या नावाला पेन उचलून पुन्हा टेकवलं. मग मी दुसरा अर्ज जवळ ओढला, विनिताचा. त्याला जास्त वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

बाहेर पडताना सोनूबाई दाराशी होती. सुटलेली चिंधी परत बांधत होती.

सोनूबाईचं कार्ड व्हायला दिवस लागणार होते. अल्पेशने माझ्या वाट्याचे पाच किलो मोजून दिले. कार्डावर आता एकच नाव होतं, ते मी वाचलं आणि घडी घातली.

कोजागिरीच्या सकाळी वाटी ओट्यावर आली. मी कालवं काढून घेतली, वाटी घासली. मग डब्यातला तांदूळ घेऊन ती काठोकाठ भरली, आणि कोरलेलं नाव रस्त्याकडे येईल अशी ठेवली.